काजूकामगारांचा त्वचादाह

काजू बी फोडताना टरफलातील दाहक तेल कातडीला लागून होणारा व्यवसायजन्य विकार. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा-चंदगड भागात काजूप्रक्रिया चालते. फोडणीचे काम बहुतांशी स्त्रियांकडे असल्याने हा त्रास मुख्यतः त्यांनाच होतो.

कारण : टरफलाच्या दोन थरांमध्ये पोळ्यासारखे कप्पे असून त्यांत तपकिरी, चिकट तेल असते. त्यातील ॲनाकार्डिक आम्ल व कार्डोल ही द्रव्ये कातडी जाळतात. बी भाजल्यास बरेच तेल निघून जाते, मात्र धुराने डोळे चुरचुरतात. वाफेवर उकडलेल्या बीत तेल बव्हंशी तसेच राहते. पात्याखाली बी धरणाऱ्या आणि सुईने गर सुटा करणाऱ्या बोटांना ते थेट लागते. ओले काजूगर काढतानाही चीक असाच भाजतो.

लक्षणे : बोटांची टोके काळवंडतात, आग होते, फोड येतात, पुढे साल निघते; ठसेही पुसट होतात. काहींना या तेलाची ॲलर्जी जडते. मग संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी खाज व पुरळ उठते आणि हात लागेल तिथे, म्हणजे पापण्या, मान यांवरही पसरते. बिब्बा व आंबा काजूच्याच कुळातले असल्याने अशा व्यक्तीला त्यांचा चीकही बाधू शकतो.

प्रतिबंध : हातांना खोबरेल किंवा एरंडेल चोळून राख लावण्याची जुनी रीत आहे. हा लेप कामात पुसला जातो, म्हणून तो पुन्हापुन्हा लावावा लागतो. हातमोजे अधिक खात्रीचे. पण मजुरी किलोवर असते आणि मोज्यांमुळे हात मंदावतो, म्हणून ते उतरवले जातात. बोटांना घट्ट बसणारे मोजे, फाटताच बदली जोड आणि यांत्रिक फोडणी यांची सोय मालकाने करावी लागते. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे व कामाचे कपडे वेगळे ठेवणेही आवश्यक असते.

उपचार : तेल लागताच साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डाग काढण्यासाठी रॉकेल वापरू नये. त्याने कातडी आणखी सोलवटते. फोड फोडू नयेत. पुरळावर स्टेरॉइडयुक्त मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे. ॲलर्जी जडलेल्या व्यक्तीला बरे झाल्यावर पुन्हा फोडणीला बसवल्यास दाह परततो. तिला प्रतवारी किंवा पॅकिंगचे काम द्यावे.