मीडिया ट्रायल

न्यायालयाचा निकाल लागण्याआधी वृत्तपत्रे, वाहिन्या किंवा समाजमाध्यमांनी आरोपीला परस्पर दोषी किंवा निर्दोष ठरवणे. राज्यघटनेच्या कलम 19 मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि कलम 21 मधला निष्पक्ष खटल्याचा हक्क इथे समोरासमोर येतात.

महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला दाखला 1959 च्या नानावटी खटल्याचा. नौदल अधिकारी कवास नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा आरोप होता. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघड उचलून धरली. ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटेना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती 1961 मध्ये कायम केली. माध्यमे आरोपीला फासावरच चढवतात असे नाही, कधी खांद्यावरही घेतात.

पुढे ज्युरी गेली. मुरलेला न्यायाधीश बातम्यांना भुलत नाही, असा युक्तिवाद तेव्हापासून होतो. पण नुकसान खटला उभा राहण्याआधीच होऊन जाते. आरोपीचा चेहरा सगळीकडे झळकला की ओळखपरेडला अर्थ उरत नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. तरी ‘आरोपीची कबुली’ हा मथळा हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातही घटकाभरात व्हॉट्सॲपवर फिरतो. तोच माणूस पुढे सुटला, तर ती बातमी आतल्या पानावर, आलीच तर.

कोल्हापूरच्या एका लैंगिक अत्याचार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच वृत्तपत्रांनी वा आंदोलनांनी चालवलेले खटले कायद्याच्या राज्याशी पूर्ण विसंगत ठरवले होते. खरी फट 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात आहे. त्यानुसार फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ ठरते ते आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयाने समन्स वा वॉरंट काढल्यावर. बातम्यांना ऊत येतो तो मात्र त्याआधी, तपासाच्या दिवसांत. अटकेपासूनच प्रकरण प्रलंबित धरावे, अशी शिफारस विधी आयोगाने 2006 मध्ये 200 व्या अहवालात केली.

अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या 2020 मधील मृत्यूनंतर वाहिन्यांनी स्टुडिओतच तपास मांडला. 18 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तपासकाळातली मीडिया ट्रायल न्यायदानात अडथळा आणते, असे ठरवले. दोन वाहिन्यांचे काही वार्तांकन सकृद्दर्शनी अवमानकारक वाटूनही न्यायालयाने कारवाई केली नाही. 1971 च्या कायद्यातली व्याख्या अजून बदललेली नाही.