जालन्याच्या वाटेपासून घराच्या ओसरीपर्यंत

भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर आज कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात आहे. नृसिंह सरस्वतींच्या पादुकांच्या दर्शनास महाराष्ट्रातून जे भाविक तेथे जातात, त्यांत पिढ्यान् पिढ्या एक वेगळा यात्रिक दिसत आला आहे : विशी-पंचविशीचा, स्वतःशीच पुटपुटणारा मुलगा आणि त्याचा दंड घट्ट धरून चालणारी त्याची आई. आरतीच्या वेळी बाधा झालेली माणसे खांबांना व गजांना बिलगून आक्रोश करतात. तो देखावा पाहून नाक मुरडणे शहरातील सुशिक्षितास सोपे जाते. परंतु त्या आईला दुसरे कोणते दार उघडे होते, हे इतिहासाने पाहावयास हवे.

वैद्यकशास्त्र ज्यास छिन्नमनस्कता म्हणते तो विकार बहुधा सोळा ते तीस या वयात प्रकट होतो. मुलगा हाताशी येत असतो, मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात, आणि नेमका तेव्हाच तो घरात शिरतो. बीदर व गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे त्या काळी निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात मनोरुग्णांची पहिली सोय झाली ती हैदराबादच्या तुरुंगाच्या आवारात. पुढे हे इस्पितळ मराठवाड्यात जालना येथे नेण्यात आले. बीदरच्या माणसाने परळी-परभणीवरून गाड्या बदलीत तेथवर जावे, रुग्णास ठेवावे आणि एकट्याने परतावे. वाटखर्च परवडे तो जाई. बाकीच्यांसाठी गोठ्यातील साखळी होती.

तीही वाट टिकली नाही. 1953 साली जालन्याचे इस्पितळ हैदराबादेस एर्रागड्डा येथे हलले. तीनच वर्षांनी, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले, जालना मुंबई राज्यात आले, आणि बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यास जोडले गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर ही बीदर जिल्ह्यातील गावे इकडे आली. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तिकडे राहिली. सीमावादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या रेषेने मनोरुग्णाचे इस्पितळही परराज्यात गेले, याची नोंद क्वचितच कोणी घेतली. आता सरकारी वाट बंगळूरची, नाही तर होटगी-विजापूर-गदग करून धारवाडची.

अर्थात इस्पितळे तरी कितीशी होती? 1946 च्या भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा हिंदुस्थानात सुमारे 40,000 लोकसंख्येमागे मनोरुग्णांसाठी एक खाट पडत होती. इंग्लंडात सुमारे 300 मागे एक. खाटांनी हा प्रश्न सुटणारा नव्हता. पुढे 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारावर गुणकारी ठरले, तेव्हा रुग्ण घरी राहू शकतो अशी आशा उत्पन्न झाली. पण घरी गेलेला रुग्ण औषध सोडतो, आणि दुखणे उलटते. 1954 साली इंग्लंडातील वॉर्लिंगहॅम पार्क इस्पितळाने दोन परिचारकांना याच कामासाठी क्रॉयडन भागात घरोघर धाडले. समाजात जाऊन करावयाच्या मानसिक शुश्रूषेचा आरंभ तेथून मानतात.

आपल्याकडे ती कल्पना बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत नीट पारखली गेली. डॉ. कपूर व त्यांच्या सहकारी पै यांनी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांचे सत्तावीस-सत्तावीसचे दोन गट केले. एका गटास नेहमीप्रमाणे इस्पितळात ठेवले. दुसऱ्यास घरीच ठेवून एका प्रशिक्षित नर्सबाईंना सहा महिने त्यांच्याकडे नियमाने पाठविले. 1983 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहिलेल्यांची प्रकृती अधिक सुधारली, ते कामाधामास अधिक लागले, घरच्यांचा भार पुष्कळ हलका झाला, आणि खर्चही कमी आला.

अशी परिचारिका करते काय? ती गोळ्या मोजते, झोपेची चौकशी करते, हात थरथरतात का, अंग ताठरते का हे पाहते. तेवढ्याने भागत नाही. आईला सांगावे लागते की हे तुमच्या वळणाचे पाप नव्हे. वडिलांना सांगावे लागते की लग्न लावून दिल्याने हा विकार जात नाही. गाणगापूरची वारी करू नका, असे शहाणी परिचारिका म्हणत नाही. वारीच्या पिशवीत गोळ्या असू द्या, एवढेच ती म्हणते.

1985 साली बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवक यांना मनोविकारांचे शिक्षण देण्यात आले. त्याच नमुन्यावर 1996 पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आणि तो बीदर-कलबुर्गीपर्यंतही पोहोचला. 2017 च्या कायद्याने साखळी निषिद्ध ठरली. जिल्ह्याच्या पथकात परिचारिकेची जागाही आहे. पण औराद-भालकीकडील मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात उर्दू, कचेरीत कन्नड. त्याच्या कानात जो आवाज येतो तो कोणत्या भाषेत बोलतो, हे गर्दीच्या दवाखान्यात विचारावयास कोणास सवड होत नाही. ते ओसरीवर बसूनच कळते. बंगळूरच्या प्रयोगातील नर्सबाईंकडे सत्तावीस घरे होती. जिल्ह्याच्या पथकातील परिचारिकेकडे अख्खा जिल्हा असतो.