जवसाचे तेल, एक पत्रा आणि दोन शिल्पकार

धातूच्या एकाच पत्र्यावर कमीअधिक दाटपणाच्या शाया चढवायच्या आणि यंत्राच्या एकाच फेऱ्यात बहुरंगी चित्र कागदावर उतरवायचे, या रीतीला मुद्राचित्रकार व्हिस्कॉसिटी छपाई म्हणतात. पॅरिसमधील ‘आतलिए १७’ या कार्यशाळेत १९५०च्या दशकात ती आकाराला आली. तिच्या जन्माशी दोन भारतीयांची नावे निगडित आहेत. एक, मुंबईत जन्मलेले आणि सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले कैको मोती (१९२१–१९८९). दुसरे, चित्तूर जिल्ह्यातून शांतिनिकेतनमार्गे युरोपात पोचलेले कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८). तिसरे नाव कार्यशाळेचे संस्थापक स्टॅन्ली विल्यम हेटर (१९०१–१९८८) यांचे. शोध नेमका कोणाचा, याचे उत्तर पुस्तक बदलले की बदलते. कुठे ‘हेटर पद्धत’ असे नाव सापडते, कुठे तिघांना समान वाटा मिळतो, तर कुठे मोती तळटीपेत जातात.

रंगीत छपाईचा आधीचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली, राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. दोन्हीकडे शिळाछापाचे काम चाले. जेवढे रंग तेवढ्या शिळा, आणि प्रत्येक शिळेवर तोच कागद तंतोतंत त्याच जागी बसवायचा. एखादी शिळा केसभर सरकली तर देवीचे ओठ गालावर. त्याआधी सतराव्या शतकात योहानेस टेलर या डच माणसाने एकाच ताम्रपत्र्यावर चिंधीच्या बोळ्यांनी जागोजागी वेगळे रंग भरून पाहिले होते. त्यात शिळा वाचतात, पण प्रत्येक प्रतीसाठी पत्रा नव्याने रंगवत बसावे लागते.

पत्र्यावरचे मुद्राचित्र मुळात कोरलेल्या खाचेचे असते. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. तिथल्या कोंढ्यासारख्या गावात जुन्या घागरीवर किंवा गुंडावर छिन्नीने घातलेले नाव अजून वाचता येते. त्या अक्षरांत काजळी चोळून वरचा भाग पुसला आणि ओलसर कागद दाबला, तर नाव उलटे उमटेल. पाश्चात्त्य ताम्रमुद्रण याहून फारसे वेगळे नाही. खाच कोरणीने पाडा किंवा आम्लाने खाऊ द्या, शाई खाचेत राहते आणि पृष्ठभाग कोरा राहतो. व्हिस्कॉसिटी छपाईने या कोऱ्या पृष्ठभागालाच कामाला लावले.

ते कसे, हे कळायला जवसाकडे यावे लागते. छपाईच्या शाईत रंगद्रव्याला धरून ठेवणारे जुने द्रव्य म्हणजे जवसाचे तेल. पूर्व विदर्भात उभ्या धानाच्या ओलीवर लाखोळीबरोबर उतेऱ्यात जवस फेकतात, तोच हा जवस. त्याचे तेल कच्चे असताना पातळ असते. बराच वेळ तापवले की ते मधासारखे घट्ट होते, आणखी तापवले तर तार धरते. त्यामुळे एकाच रंगाची शाई या एकाच तेलाच्या बळावर सैल किंवा चिवट करता येते. मुद्रक सुरीच्या टोकावरून शाई ओघळू देतो आणि धार कशी तुटते त्यावरून दाटपणा ओळखतो.

आता या कुळकथेचा कणा असलेली गोष्ट. चाररंगी ऑफसेट छापखान्यात ओल्या रंगावर ओला रंग चढतो. तिथला नियम असा की सर्वांत चिवट शाई आधी आणि पुढची प्रत्येक शाई आधीच्यापेक्षा किंचित सैल. क्रम उलटला तर दुसरा रंग पहिल्यावर बसतच नाही. कारण साधे आहे. दोन ओले थर एकमेकांना भिडून सुटतात तेव्हा त्यातला दुबळा थर मधोमध फाटतो. खालची शाई तेलकट आणि सैल असली तर फाटते ती तीच. वरची चिवट शाई रुळाला धरून राहते आणि तशीच परत जाते. हा छापखान्यातला दोष. व्हिस्कॉसिटी छपाईने नेमका हा दोष उचलून त्याची रीत केली. जिथे दुसरा रंग नको आहे तिथे आधी तेलकट शाईचा पातळ थर द्यायचा, म्हणजे दुसरा रंग आपणहून तिथून मागे फिरतो.

मात्र ‘जिथे’ हे ठरवणार कोण? सपाट पत्र्यावर शाई कुठेही पसरेल. म्हणून पत्रा आम्लाने खाऊ देऊन आणि हत्यारांनी खरवडून पायऱ्यापायऱ्यांचा केला जातो. आधी सर्वांत खोल खाचांत शाई भरून पृष्ठभाग जाळीदार कापडाने आणि तळहाताने पुसतात. मग कठीण रूळ सैल शाई घेऊन फिरतो. तो दबत नाही, त्यामुळे फक्त उंच पठारांना शिवतो. त्यानंतर मऊ रूळ चिवट शाई घेऊन येतो. तो दबून खालच्या पायरीपर्यंत पोचतो, तिथे रंग सोडतो आणि पठारांवरच्या तेलकट थराकडून नकार घेऊन पुढे सरकतो. रूळ पुरेसा जाड हवा, कारण पत्रा त्याच्या एका वेढ्यात झाकला गेला पाहिजे. दुसरा वेढा पडला की पहिल्याचा वळ उमटतो. मग ओला कागद, त्यावर नमदा आणि दाबयंत्राचा एक फेरा. सगळे रंग एकदम उतरतात आणि जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. शाईचा क्रम मुद्दाम उलटवला तर रंग एकमेकांना न नाकारता एकावर एक बसतात. त्याच पत्र्यातून मग वेगळेच चित्र निघते.

शोधाच्या मालकीबद्दलचा पहिला पक्ष हेटर यांचा. ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले आणि इराणमध्ये अबादान येथे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत नोकरीला होते. तेल समजणारा माणूस म्हटल्यावर तेलाचा शोध त्याचाच, असा हा तर्क. तो मोहक असला तरी कालक्रमात अडखळतो. हेटर यांनी पॅरिसमध्ये कार्यशाळा उघडली १९२७ साली. एका पत्र्यावर अनेक रंग एकदम छापण्याची धडपडही त्यांची जुनी. पण १९४६ सालच्या ‘सँक पेर्सोनाज’ या गाजलेल्या चित्रात त्यांनी रंग पत्र्यावर चढवले ते रेशमी जाळीच्या पडद्यातून. तेलाचे ज्ञान हाताशी असून जवळजवळ वीस वर्षे त्यांना ही वाट दिसली नाही. त्यामुळे नुसते रसायनशास्त्र पुरेसे नव्हते, असेच म्हणावे लागते.

दुसरा पक्ष इंग्रज कवी-मुद्राचित्रकार विल्यम ब्लेकचा. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये हेटर, चित्रकार ज्वान मिरो आणि कवी रुथवेन टॉड यांनी ब्लेकच्या उठावाच्या छपाईचे कोडे सोडवायचा प्रयत्न केला होता. तिथे पत्र्याचा उंच भाग शाई घेतो, म्हणजे पूर्वज म्हणून ब्लेकचे नाव घेता येईल. पण ब्लेकच्या रीतीत शाई शाईला नाकारत नाही, आणि इथे तर सगळे नाकारण्यावरच चालते. शोध अपघाताने लागला, असाही एक पक्ष आहे. मात्र कोणाच्या तरी शाईत तेल जास्त पडणे हा अपघात जगातल्या प्रत्येक छापखान्यात रोज घडत असणार.

उरतो तो चौथा पक्ष, आणि तोच सर्वांत सबळ दिसतो. मोती आणि रेड्डी दोघेही लंडनच्या स्लेड कलाशाळेतून पॅरिसला आले आणि दोघेही ओसिप झादकीन या शिल्पकाराकडे शिल्पकला शिकले. चित्रकाराला पत्रा म्हणजे रेघ मारायची जागा. शिल्पकाराला तोच पत्रा जाडी असलेला ठोकळा दिसतो, मिलिमीटरभर का होईना, पण आत शिरता येणारा. पठार, उतार, दरी ही शिल्पकाराची भाषा. दोन रुळांना दोन वेगळ्या पातळ्या हव्या असतात आणि त्या पातळ्या या दोघांच्या हातात आधीपासून होत्या. यावर आक्षेप येतो की हेटरही पत्रा खोल कोरत असत. त्यांच्या चित्रांतले उठून दिसणारे पांढरे ठिपके अशाच खोल खोबणींतून आलेले. आक्षेपात तथ्य आहे. पण त्या खोबणी शाईविना छापायच्या होत्या, रूळ उतरावा अशी रुंद पायरी ती नव्हे. तेव्हा तेलाची जाण हेटर यांच्याकडून आणि पायऱ्या या दोघांकडून आल्या, असा वाटा लावणे न्याय्य ठरते. कार्यशाळेचा रिवाजही एकत्र प्रयोग करून एकमेकांना दाखवण्याचाच होता.

रीत एक असली तरी दोघांचे हात पुढे वेगळे झाले. मोती झाडे, पक्षी, मासे यांच्या धूसर, उजळ प्रतिमांकडे वळले. त्यांच्या चित्रांत पायऱ्या दिसतच नाहीत, रंग धुक्यासारखे मिसळतात. घराघरांत लावायला लोकांनी ती आवडीने घेतली आणि समीक्षकांनी त्यांना दुय्यम लेखले त्यामागे बहुधा हेच कारण असावे. रेड्डी पत्र्यात अधिकाधिक खोल गेले. ‘व्हर्लपूल’ (१९६३), पॅरिसमधील विद्यार्थी उठावानंतरचे ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ (१९६८) आणि ‘ग्रेट क्लाउन’ (१९८१) ही त्यांची नावाजलेली चित्रे. कोरणीबरोबर विजेवर चालणारी हत्यारेही त्यांनी पत्र्यावर चालवली. ‘ग्रेट क्लाउन’च्या पत्र्यातून त्यांनी नुसत्या शायांचा क्रम आणि दाटपणा बदलून वेगवेगळ्या रंगसंगती काढल्या. आतलिए १७ चे सहसंचालकपद त्यांनी सांभाळले, १९७२ साली पद्मश्री मिळाली आणि १९७६ साली ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. या तंत्रावर त्यांनी १९८८ साली स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्यात त्यांनी व्हिस्कॉसिटी या शब्दापेक्षा ‘एकाच वेळची रंगछपाई’ असे वर्णन पसंत केले.

मुंबईकरांपैकी चित्रकार अकबर पदमसी यांना हेटर यांच्याकडे नेले ते रेड्डी यांनीच. भारतात बहुरंगी पत्राछपाई रुजवणाऱ्यांत मात्र दुसरी एक जोडी पुढे होती. इंदूरला जन्मलेल्या, ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या देवयानी, माहेरच्या जाधव, आणि त्यांचे पती कंवल कृष्ण. कंवल कृष्ण १९५०च्या दशकात युरोपात हिंडून हे तंत्र पाहून आले. दोघे दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये शिकवत आणि जोडीने छापचित्रे करत. देवयानींच्या चित्रांत पत्र्याचा खडबडीत पोत रंगाइतकाच बोलतो.