नेवाळीवरची हवा

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी नाका लागतो. डावीकडचा रस्ता बदलापूरला जातो, उजवीकडचा काटईला. इथल्या गावांची शेतजमीन १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिशांनी विमानतळासाठी घेतली. जवळच, आज उल्हासनगर आहे तिथे, लष्करी छावणी होती. फाळणीनंतर त्या छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीचं शहर झालं, विमानतळाची जमीन मात्र संरक्षण खात्याकडेच राहिली. जून २०१७मध्ये नौदलाच्या संरक्षक भिंतीवरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा बाहेरच्या लोकांना नेवाळी हे नाव कळलं.

मी अंबरनाथचा. कॉलेजात असताना फ्लाइटगियर हा फुकट मिळणारा सिम्युलेटर लॅपटॉपवर टाकला आणि आधी नेवाळी शोधली. यादीत सापडली नाही, म्हणून अक्षांश-रेखांश देऊन सेसना १७२ थेट नेवाळीच्या माथ्यावर हवेत सोडलं. समोर मलंगगड, त्यामागे चंदेरी आणि माथेरानची रांग, डावीकडे उल्हास नदी. टर्ब्युलन्सचा आकडा शेवटपर्यंत वाढवला की विमान गदागदा हलायचं, आणि मी जॉयस्टिक घट्ट धरून त्याच्याशी झुंजायचो. मला वाटायचं, खरी हवा अशीच असणार.

पुढे प्रोग्रॅमिंग हाच पोटापाण्याचा उद्योग झाला, तेव्हा एकदा त्या गचक्यांचा कोड उघडून वाचला. जेमतेम एका पानाचा मजकूर. पण त्या पानाच्या मागे बरीच वर्षं आहेत.

सिम्युलेटरचं एक घराणं यंत्राचं आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकने १९२९ साली ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर डोलणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखंच खपलं. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराला टपाल वाहायचं काम मिळालं आणि खराब हवामानात त्यांचे वैमानिक एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली. नंतरच्या यंत्रांत खडबडीत हवेसाठी वेगळी सोय आली. ती सुरू केली की शिकणारा खरोखर हलायचा.

दुसरं घराणं गणिताचं. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३८ साली खळबळत्या हवेचं वर्णन वर्णपटाच्या भाषेत मांडलं: मोठ्या भोवऱ्यांत किती ऊर्जा, लहानांत किती. विमान इतक्या वेगाने जातं, की त्याच्यापुरते हे भोवरे जागीच गोठलेले धरले तरी चालतं. ह्यू ड्रायडन आणि थिओडोर फॉन कारमान यांच्या नावांनी ओळखली जाणारी वर्णपटाची सूत्रं पुढे अमेरिकी लष्कराच्या मानकात गेली. त्यातलं ड्रायडनचं सूत्र संगणकाला सोयीचं आहे. दर क्षणाला एक यादृच्छिक आकडा काढायचा, तो गणिती गाळणीतून न्यायचा, आणि निघेल तो वाऱ्याचा झोत समजून विमानाला लावायचा. फ्लाइटगियरमध्ये विमानाचं गणित करणाऱ्या जेएसबीसिममध्ये मला हेच सापडलं.

घरातला सिम्युलेटर या दोन घराण्यांतून आला, पण पहिल्याची हालचाल त्याने वाटेतच टाकली. ब्रूस आर्टविकने इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली या विषयावर प्रबंध लिहिला, काही वर्षांत ॲपल टूवर त्याचा सिम्युलेटर आला आणि १९८२मध्ये मायक्रोसॉफ्टचा. भाते गेले, पडदा राहिला. तेव्हापासून गचका ही फक्त बघायची गोष्ट झाली.

कोड वाचताना मी अडकलो तो एका ओळीपाशी. हजार फुटांखालच्या हवेसाठी त्या मानकात गचक्यांची तीव्रता ठरते ती जमिनीपासून वीस फुटांवरच्या वाऱ्याच्या वेगावरून. उभ्या झोताची तीव्रता त्या वेगाच्या एक दशांश. १५ नॉट वारा म्हणजे सौम्य, ३० म्हणजे मध्यम, ४५ म्हणजे तीव्र. याचाच दुसरा अर्थ, वारा शून्य तर गचके शून्य.

आता एप्रिलमधली बदलापूरची दुपार आठवा. समुद्रावरचा वारा अजून डोंगर ओलांडून आलेला नाही, पारा चाळिशीच्या पुढे, झाडाचं पान हलत नाही. सूत्राच्या हिशेबाने ही हवा काचेसारखी गुळगुळीत. पण मान वर केली की पंख न हलवता गोल गोल चढत जाणारी घार दिसते. तापलेल्या जमिनीवरून हवेचा खांब उठतोय आणि ती त्यावर बसली आहे. ती घार सूत्रात नाही. ऊन सूत्रात नाही, मलंगगडही नाही.

लहान विमानाला हा फरक फार भोवतो. पूर्ण भरलेल्या सेसना १७२च्या पंखाच्या दर चौरस मीटरवर साधारण ७० किलो भार असतो, एअरबस ए३२०च्या पंखावर सहाशेहून जास्त. त्याच वेगाने उडताना तोच झोत हलक्या पंखाला कितीतरी जास्त उचलतो.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतून एका दोन आसनी विमानात बसायला मिळालं. मार्चमधली दुपार, वारा जवळपास नाहीच. पाचशे फुटांवर पहिला गचका बसला, तो डोळ्यांना नाही, बुडाला कळला. सुया नंतर हलल्या. मी सवयीने स्टिअरिंग आवळून झुंजायला लागलो, तसे शेजारचे कॅप्टन म्हणाले, “अरे, तिची मानगूट कशाला धरतोस? दोन बोटं पुरेत. ती सावरते आपली आपण.” मग ते खाली बोट दाखवत सांगायला लागले: नांगरलेलं रान आलं, आता उचलेल, पुढे तळं आहे, आता सोडेल. आणि तसंच होत गेलं. लॅपटॉपवर इतकी वर्षं झुंजून मी उलटं शिकलो होतो. तिथल्या गचक्याला कारणच नव्हतं, त्यामुळे खाली बघायची सवय लागली नाही.

आता चित्र बदलतंय. एक्स-प्लेनने १९९०च्या दशकातच पंखाचे तुकडे करून प्रत्येकावरच्या हवेचा वेगळा हिशेब मांडला. २०२०च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये वारा चढावर आदळून वर जातो, पलीकडे खाली कोसळतो. फ्लाइटगियरमध्येही डोंगरालगतच्या उचलीची वेगळी सोय आहे. ती मी कधी चालू केलीच नव्हती, कारण नुसतं हलणंच मला खरं वाटत होतं.

परवा ती चालू केली, टर्ब्युलन्सचा आकडा खाली आणला आणि पश्चिमेचा वारा लावून पुन्हा नेवाळीवरून निघालो. मलंगगडाच्या पनवेलकडच्या अंगाला विमान हलकेच वर उचललं गेलं. खुर्ची अर्थातच जागची हलली नाही. मी दोन बोटांनी जॉयस्टिक धरून खाली बघत होतो, पुढचं रान कुठलं आहे ते.