एकावन्न किलोचं तिकीट

हिंगणघाट. शनिवार, ३१ ऑक्टोबर १९८७. दिवाळी होऊन गेली आहे, शाळा अजून उघडायची आहे. तू दहा वर्षांचा आहेस आणि चड्डीच्या खिशात मामाजींनी दिवाळीला दिलेल्या पैशांतलं शेवटचं नाणं आहे. ते मुठीत धरून धरून गरम झालंय.

मिलचा भोंगा मागे राहिला. रस्त्याने कापसाच्या बंड्या चालल्या आहेत. तट्ट्यातून निसटलेलं एक बोंड तू उचलतोस, सरकी चाचपतोस, फेकून देतोस. तुला स्टेशन गाठायचंय.

फलाटावर ते उभं आहे. वजनाचं यंत्र. तुझ्यापेक्षा उंच, लाल-निळे दिवे लुकलुकताहेत, काचेआड चाक गरगरतंय. आत कोणाचा फोटो तुझी वाट पाहतोय, ते बाहेरून कळत नाही. म्हणून तर पाय तिकडे ओढतात. शिकागोच्या एका कंपनीची यंत्रं अमेरिकेतल्या पोरांना एका सेंटला बेसबॉलपटूचं कार्ड द्यायची. कोणता खेळाडू निघेल, हे त्या पोरांच्याही हातात नव्हतं.

"दोघं मिळून चढू ना बे," दोस्त म्हणतो. "नाणं त एकच आहे."

"मंग भविष्य कोनाचं?"

"दोघाईचं!"

तुम्ही एकमेकांना धरून चढता. खाली लोखंडी पाट किंचित दबतो. चाक थांबेपर्यंत हलायचं नाही. नाणं आत पडल्याचा आवाज, मग पोटात काहीतरी फिरल्यासारखी खरखर, आणि खट्! खालच्या खाचेत तिकीट. रेल्वेच्या तिकिटासारखंच जाड पुठ्ठ्याचं, तेवढंच लहान. एका बाजूला श्रीदेवी. दुसऱ्या बाजूला दोन ओळींचं भविष्य आणि शाईचा आकडा: ५१. पुठ्ठ्याला नव्या वहीसारखा वास आहे. तू परत परत हुंगतोस.

तिकीट एक, मालक दोन. दोस्त खिशातून बबलगमच्या वेष्टनातला फोटो काढतो. "श्रीदेवी मले दे. हा घे तू."

चेतन शर्मा. कोणालाच नको असलेला. १८ एप्रिल १९८६ ला शारजात शेवटच्या चेंडूवर मियाँदादने त्याला षटकार मारला, तेव्हापासून पोट्ट्यांच्या बाजारात त्याचे दहा फोटो दिले तरी एक कपिल मिळत नव्हता. षटकार बसला तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात त्याने इंग्लंडमध्ये दोन कसोटींत १६ बळी घेतले, पण ते कोणी मोजायलाच तयार नाही. आपण पोरांनी त्याच्यावर अन्याय केला, आणि तो मोठ्यांचं ऐकून केला.

तरी तू फोटो घेतोस. का, ते तुलाही सांगता येत नाही.

चहाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर लागलाय. रिलायन्स कपचा, म्हणजे विश्वचषकाचा, भारत-न्यूझीलंड सामना इथून पाऊणशे किलोमीटरवर, नागपूरला चालू आहे. टपरीभोवती माणसांचं कडं; तू कोणाच्या तरी कोपराखालून डोकं घालतोस. चेतन शर्माच्या हाती चेंडू. रुदरफर्ड बोल्ड. कढईतली भजी काढायची राहतात. स्मिथ बोल्ड. आता कोणी बोलत नाही. चॅटफील्ड बोल्ड! पगडीवाले एक काकाजी, तुझ्या ओळखीचेही नाहीत, तुला उचलून घेतात.

संध्याकाळपर्यंत गावस्करचं ते शतकही होतं. नाबाद १०३, एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं एकमेव. २२२ धावांचं लक्ष्य भारत ३२.१ षटकांतच गाठतो. पण तुझं लक्ष तिकडे नाही. दोस्त ओट्याशी येऊन उभा आहे, हातात श्रीदेवीचं तिकीट.

"दे ना बे माहा फोटो. हे घे तुहं."

"सकाळी त तूच म्हने, घे."

"सकाळची गोष्ट येगळी होती."

तो रडवेला झालाय. तुला वाईट वाटतं, तरी तू मान हलवतोस. श्रीदेवी तू त्यालाच ठेवू देतोस. नाणं तुझं होतं, तरीही.

तो गेल्यावर तू फोटो पालथा करतोस आणि बॉलपेनने मागे तीन नावं लिहितोस: रुदरफर्ड, स्मिथ, चॅटफील्ड. तिघंही त्रिफळाचीत. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक होती.