न्यायाची किंमत : गव्हर्नर आल्टगेल्ड

अमेरिकेचा इतिहास म्हणजे तेथील राष्ट्राध्यक्षांची नामावली, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत दिसते. परंतु तेथील घटक राज्यांच्या कारभारांतहि असे कांहीं पुरुष होऊन गेले कीं, त्यांचें चरित्र राष्ट्राध्यक्षांच्या चरित्राइतकेंच बोधप्रद आहे. इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड हे त्यांपैकीं एक होत.

१८४७ सालीं जर्मनींत जन्मलेले आल्टगेल्ड तान्हेपणींच आईबापांबरोबर ओहायोंत आले. सोळाव्या वर्षीं यादवी युद्धांत शिपाईगिरी, पुढें शाळामास्तरकी, मग मिसुरींत वकिली, असें करीत १८७५ सालीं ते शिकागोस आले. तेथें त्यांनीं वकिली व जमिनींचे व्यवहार यांवर मोठी संपत्ति मिळविली, न्यायाधीशपद भूषविलें आणि १८९२ सालीं गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकली.

त्यांच्या खऱ्या कसोटीचें मूळ मात्र जुनें होतें. ४ मे १८८६ रोजीं शिकागोच्या हेमार्केट चौकांत कामगारांची सभा संपत असतां पोलिसांवर बॉम्ब पडला. तो फेकणारा कधींच सांपडला नाहीं. तरी आठ जणांस दोषी ठरविण्यांत आलें. चौघे फांशीं गेले, एकानें तुरुंगांत आत्महत्या केली व तिघे शिक्षा भोगीत राहिले.

या तिघांना केवळ दया म्हणून सोडावें, असें म्हणणारे प्रतिष्ठित लोक पुष्कळ होते. तसें केलें असतें तर फारसा गवगवा झाला नसता. परंतु आल्टगेल्ड यांनीं खटल्याचे सारे कागद वाचले आणि २६ जून १८९३ रोजीं माफीसोबत सविस्तर कारणें प्रसिद्ध केलीं : ज्यूरी पक्षपातानें निवडलेली, बॉम्ब फेकणाऱ्याशीं आरोपींचा संबंध सिद्ध न झालेला, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित. वर्तमानपत्रांनीं त्यांस अराजकवादी ठरविलें. पुढल्याच वर्षीं पुलमन संपाच्या वेळीं, राज्यानें मागणी केली नसतां राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं सैन्य धाडलें. त्याचाहि त्यांनीं निषेध केला. १८९६ सालीं ते निवडणूक हरले. संपत्तीहि गेली. अखेर क्लॅरन्स डॅरो यांच्या कचेरींत ते पुन्हां वकिली करूं लागले आणि १९०२ सालीं निवर्तले.

त्यांस अव्यवहारी म्हणणारे आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. दयेनें तिघे सुटले असते हें खरें. पण फांशीं गेलेले चौघे दोषीच राहिले असते, आणि ज्यूरी निवडण्याची ती रीतहि निर्दोष ठरली असती. आल्टगेल्ड यांच्यांतील वकिलाला हें दिसलें, म्हणूनच त्यांच्यांतील मुत्सद्द्यास पदाची किंमत द्यावी लागली.