सुतारकामाचे शिक्षण

सुतारकामाचे शिक्षण : लाकूड कापणे, रंधणे, त्यात खाचा पाडणे आणि सांधे जोडून उपयुक्त वस्तू तयार करणे, या कौशल्यांचा नवशिक्याला क्रमाक्रमाने करून दिलेला परिचय. हे शिक्षण प्रत्यक्ष वस्तू बनवूनच पुरे होत असल्याने शिकणे व उत्पादन ही दोन्ही त्यात एकत्र येतात. त्यामुळे नवशिक्याचे श्रम आणि त्याने केलेली वस्तू यांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या शिक्षणाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे.

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंत कुलाबा) अंतर्भागातील कर्जत तालुक्यात या विषयाशी निगडित असा एक प्राचीन पुरावा आढळतो. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली कोंडाणे येथील बौद्ध लेणी सामान्यपणे इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमाराची मानतात. तेथील चैत्यगृहाचे दर्शनी रूप आणि विहाराच्या छतावर कोरलेल्या तुळया व वासे ही लाकडी बांधकामाची दगडात केलेली प्रतिकृती होय. घाटमाथ्यावरील कार्ले व भाजे येथील चैत्यगृहांत तर छताच्या मूळ लाकडी कमानी अद्याप टिकून आहेत. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशेजारील एका शिल्पावरील ब्राह्मी लेखात, कण्ह (कृष्ण) याचा अंतेवासी बलक याने ते काम केले, अशा अर्थाची नोंद आहे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. हा शब्द भिक्षूच्या शिष्यालाही लावीत. तथापि येथे तो कारागिराच्या शिष्याला उद्देशून असल्यास गुरूबरोबर शिकाऊ कारागिराचेही नाव कोरले गेल्याचे हे लक्षणीय उदाहरण ठरते.

धर्मशास्त्रकारांनी अंतेवासीविषयी नियम सांगितले आहेत. नारद व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींनुसार शिल्प शिकू इच्छिणाऱ्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत गुरूच्या घरी राहावे व गुरूने त्याला जेवू घालावे. मुलाप्रमाणे त्याचा सांभाळ करावा, शिल्पाखेरीज अन्य काम त्याला सांगू नये, असेही नारदस्मृतीत म्हटले आहे. शिक्षण लवकर पुरे झाले, तरी शिष्याने मुदत संपेपर्यंत तेथेच राहावे आणि या काळातील त्याच्या कामाचे फळ गुरूला मिळावे, अशी व्यवस्था होती. उमेदवारीच्या पुढील पद्धतींचा गाभा यात दिसून येतो.

गावगाड्यात सुतार हा प्रमुख बलुतेदारांपैकी एक असे. नांगर, कुळव, गाडी यांची कामे करून तो शेतकऱ्याकडून धान्यरूपाने मोबदला घेई. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. त्यामुळे ती घरात सुरक्षित राहिली, परंतु अन्य जातींतील मुलांना दुर्लभ झाली. हत्यारांना धार लावणे, लाकडाची रेषा ओळखणे व आखलेल्या रेघेवर करवत चालविणे ही या विद्येची प्राथमिक अंगे होत. घरगुती वस्तूंपैकी पाट ही सर्वांत सोपी. एक सपाट फळी व तिच्या खाली दोन आडव्या पट्ट्या एवढीच तिची रचना असते. चौरंगात मात्र खाच व कुसू यांच्या सांध्याची परीक्षा होते. कुसू सैल राहिले, तर पाय डगमगतो. फार घट्ट ठोकले, तर लाकूड फुटते. एक पाय लांब राहिल्यास नवशिका तो कापतो, मग दुसरा लांब भासतो आणि चौरंग बुटका होत जातो. लाकूड ओले असेल, तर नीट बसलेला सांधाही सुकल्यावर ढिला पडतो. याकरिता मापाइतकेच लाकडाच्या मुरण्याकडे लक्ष द्यावे लागते.

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील डोंगरउतारांवर साग, ऐन, किंजळ, खैर इ. वृक्ष आढळतात. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. रुळांखालील स्लीपरांसाठी देशभर लाकडाची मागणी वाढली आणि १८६४ मध्ये वन खात्याची स्थापना झाली. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलांतील तोडीवर कडक निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या व आदिवासींच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. शिकताना काही लाकूड वाया जाणारच. ते दुर्मिळ व महाग झाले, की चूक करण्याची मुभा प्रथम नवशिक्याचीच जाते.

यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऊनो सिग्नेउस (फिनलंड) व ओटो सालोमोन (स्वीडन) यांनी ‘स्लॉइड’ ही हस्तव्यवसायाची शिक्षणपद्धती रूढ केली. मुलाने उपयुक्त वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच करावी, हे तिचे सूत्र होते. भारतात वर्धा येथील परिषदेत (१९३७) महात्मा गांधींनी मांडलेल्या व झाकिर हुसेन समितीने आराखडा दिलेल्या मूलोद्योग शिक्षणात सूतकताईबरोबर सुतारकामाचाही समावेश झाला आणि जातीने बंद केलेले दार तत्त्वतः सर्व मुलांना खुले झाले. मुलांच्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन निघावे, या अपेक्षेवर मात्र टीका झाली. शाळेचा कारखाना होईल, असा टीकाकारांचा आक्षेप होता. अंतेवासीच्या कामाचे फळ कोणाचे, हाच तो जुना प्रश्न होय. शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने (१९६१) उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला आणि तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी असल्याचे स्पष्ट केले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली.

प्लायवुड व विजेवर चालणारी यंत्रे यांच्या प्रसाराने सांध्यांची जागा बऱ्याच अंशी खिळे, स्क्रू व सरस यांनी घेतली. खालापूर तालुक्यात २००५ मध्ये सुरू झालेल्या चित्रनगरीत लाकूड व प्लॅस्टर यांपासून दगडी किल्ले व राजवाडे उभारण्यात आले. कोंडाण्यास लाकडाचे रूप दगडाला दिले गेले होते, येथे त्याच्या उलट घडले. साधने बदलली, तरी आखणे, कापणे, जोडून पाहणे व चूक सुधारणे हा शिक्षणक्रम कायम आहे. वस्तू न डगमगता उभी राहणे, हीच त्याची कसोटी होय.